पिकदाणे

पिकदाणे हे आडनाव येडशीत एकाच घराचं, आणि त्या घरात मी सून म्हणून आले. सोयरीक ठरताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिशीवर हात फिरवत आमच्या अण्णांना सांगितलं होतं की रानातलं पीक आणि घरातले दाणे आमच्याकडं कधी सरले नाहीत, त्यावरून हे नाव पडलं. अण्णा हरखून गेले.

माझ्या वाट्याला आली ती पितळी पिकदाणी. मामंजींचं पान दिवसभर चाले. रोज सकाळी ती बुळबुळीत लाल थुंकी उकिरड्यावर ओतायची आणि तळाला चिकटलेला सुपारीचा चोथा राखेनं घासून काढायचा. हाताचा वास जाता जात नसे. भाकरीचा घास तोंडाशी नेऊन मी परत ताटात ठेवायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, म्हातारं माणूस आहे, सांभाळून घे.

एकदा शेजारच्या अजीजाबी चिंच द्यायला आल्या. पिकदाणी पाहून सहज बोलून गेल्या की ही तर कळंबच्या तहसीलदाराची. माझे आजेसासरे निजामाच्या कचेरीत ती धरून उभे असत. साहेबानं मान वळवली की ती तोंडाखाली हजर. बदलून जाताना साहेबानं ती बक्षीस दिली. लोक पिकदानवाला म्हणत, गावानं त्याचंच पिकदाणे केलं. अजीजाबींच्या बोलीत पानाच्या पिंकेला पीकच म्हणतात. म्हणजे पीक होतं खरं, फक्त तोंडातलं.

आजेसासऱ्यांची मला किळस आली नाही. पोटासाठी माणूस काय काय धरतो. किळस आली ती मामंजींची. निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं, आणि हे त्याच साहेबासारखे तक्क्याला टेकून, माझ्याकडं न बघता मान वळवत होते.

मामंजींना आता पुढारी व्हायचं होतं. कळंबची मोठी माणसं घरी आली, तेव्हा मला पदर घेऊन पिकदाणीसकट शेजारी उभं राहायला सांगितलं. एका पाहुण्यानं आडनावाचं विचारलं. मामंजींनी भरल्या तोंडानं पीक आणि दाणे सुरू केलं आणि सवयीनं मान वळवली.

मी जागची हलले नाही. त्यांचे गाल फुगले, लाल ओघळ हनुवटीवर आला. मग पुढं होऊन मी पिकदाणी त्यांच्याच हातात दिली.

"धरा मामंजी. आडनाव तुमच्या घराचं हाय."

त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. पाहुण्यांतला एक म्हातारा हसायला लागला. त्यानं कळंबची जुनी कचेरी पाहिलेली होती.