जावेची जुनी रॅम

जिंतूरच्या त्या घरात दोन जावा होत्या आणि दोन कॉम्प्युटर. थोरली शिवकन्या पुढच्या खोलीत, धाकटी महेश्वरी मागच्या. दोघीही लग्नपत्रिका करून द्यायच्या. गिऱ्हाइकाला आधी पुढचंच दार लागायचं आणि महेश्वरीला तेच सलायचं. मांडीवर बाळ, कान पुढच्या खोलीकडे, असा तिचा दिवस जायचा.

तिची रॅम खराब झाली, तेव्हा शिवकन्यानं नुकत्याच नव्या, वेगवान रॅम बसवल्या होत्या. काढलेली जुनी तिनं महेश्वरीच्या हातावर ठेवली आणि हसली.

"घे गं. बाळाला बी पयलं जुनंच आंगडं घालतेत की!"

आंगडी घेताना महेश्वरीला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं. तिनं शिवकन्याअक्काच्या तोडीची एक नवी रॅम मागवली आणि नवऱ्याकडून, बसवेश्वरकडून, जुनीच्या शेजारी बसवून घेतली. फोटोंची जड फाईल न अडकता उघडली.

"आता माजा बी अक्कासारखाच पळायलाय न्हवं?"

बसवेश्वरनं स्क्रीनवर बघितलं. "नवी बत्तीसशेच्या वेगाची हाय, पण चालायलीय चोवीसशेनं. सोबतची जुनी तेवढीच चालते ना, मग दोन्हीबी तिच्याच चालीनं जाणार. तुजं काम व्हायलंय की, सोड."

काम होत होतं. पण आपली नवीकोरी रॅम अक्काच्या उतरलेल्या रॅमच्या मागंमागं चालते, हे काही तिच्या गळी उतरेना. बाळ झोपताच तिनं कॉम्प्युटर बंद केला, डबा उघडला आणि जुनी उपटून काढली. पुन्हा चालू केल्यावर आकडा आला, बत्तीसशे. जिवाला कसं गार वाटलं.

संध्याकाळी कुसुमबाई महेश्वरीनं केलेली लेकीची पत्रिका बघायला आल्या. पसंत पडली तर पुतण्याचीही हिलाच देणार होत्या. महेश्वरीनं पेनड्राइव्हमधली फाईल उघडली आणि कॉम्प्युटर जागीच थिजला. वेग होता, पण फोटो मावायला जागाच निम्मी उरली होती. बंद करून लावला, पुन्हा तेच. त्यात बाळानं भोकाड पसरलं.

"ऱ्हाऊ दे माय, लेकरू बघ. म्या पुढं शिवकन्याकडं उघडून बघते," म्हणत कुसुमबाईंनी पेनड्राइव्ह उचलला.

'थांबा, जुनी रॅम घालते' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

थोड्या वेळानं पुढून शिवकन्याची हाक आली. "महेश्वरी, ये की बाई! नावं समदी एकावर एक बसायलीत, मला न्हाई जमायलं."

बाळाला काखेत घेऊन ती गेली. शिवकन्यानं उठून तिला खुर्ची दिली. महेश्वरीनं फाईल बंद करून पुन्हा उघडली. गरज नव्हती, तरी उघडली. पापणी लवायच्या आत पत्रिका समोर. नावं तिनं एकेक करून जागेवर बसवली.

"लय झ्याक!" कुसुमबाई म्हणाल्या. "शिवकन्या, पुतण्याची बी तूच कर बाई."

महेश्वरी उठली. बाळाला या काखेतून त्या काखेत घेतलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमचा कॉम्प्युटर जरा हळूच चालायलाय हो."