शालूचा धवला

"काका, घर चुकलात काय? इथं पाय ठेवणार नाय बोललेलात," मयूर म्हणाला.

मयूर माझा पुतण्या. हळदी-लग्नांत डीजे लावतो. मी दारातच उभा राहिलो.

"शालूचा धवला हाय काय रं तुज्याकडं?"

शालू माझी बायको. कोलशेतची धवलारीण, लग्नात धवले गायची. डोंबिवलीच्या एका छोट्या कंपनीने तिचा एक धवला रेकॉर्ड केला आणि आपल्या ॲपवर विकायला ठेवला. तेव्हापासून तिने तो कुणाला फुकट पाठवू दिला नाही. मलासुद्धा विकत घ्यायला लावला. म्हणाली, "नवरा झाला म्हून काय झाला? माजा गला हाय, परसातला शेवगा नाय, कुनी पन तोरून न्यावा." मयूरने गाणं उतरवून गावभर वाटलं, तेव्हा तिने भर अंगणात त्याला शिव्या घातल्या. मी तिच्या बाजूने बोललो. दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं.

गेल्या पावसाळ्यात शालू काविळीने गेली. आता कल्पिताची, आमच्या मुलीची, हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. "बाबा, माझ्या हळदीला आईच गाणार," एवढंच तिने मागितलं होतं. मी ॲप उघडलं. गाणं दिसत होतं, वाजत नव्हतं. डोंबिवलीला जाऊन आलो. कंपनीच्या गाळ्यात चष्म्याचं दुकान आहे. विकत घेतलेलं आपल्याकडे राहतं, असं मी धरून चाललो होतो.

"हाय," मयूर म्हणाला. "पण मिक्स हाय, काका."

त्याने लॅपटॉपवर लावलं. खाली ढोल वाजत होते, वर शालू गात होती. मी चौकट धरली.

धवल्यात नवरीचं नाव घ्यायची जागा असते. रेकॉर्डिंगला नवरी कुठली? शालूने तिथे कल्पिताचं नाव घातलं होतं. ती तेव्हा शाळेत होती. नेमक्या त्या जागी ढोल थांबले आणि नाव झाकून मयूरचा आवाज आला, "डीजे मयूर, कोलशेत!"

"हे काढ."

"निघत नाय. ओरिजनल मी ठेवलंच नाय."

"मंग घातलास कशाला?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाव नाय टाकलं तर दुसरे डीजे चोरतात."

मग तोच म्हणाला, "काकी असती तर आज हानला असता मला."

"दे," मी म्हणालो.

कन्यादान माझा दुसरा भाऊ आणि भावजय करणार होते. मी एकटा, त्यामुळे हळदीत मला काही काम नव्हतं. मी साउंडपाशी उभा राहिलो. शालूचा आवाज सुरू झाला तशा बायका गप्प झाल्या. नावाची जागा आली, मी बटण फिरवून आवाज बंद केला. हळद लावणाऱ्या रखमाबाईला मी आधी सांगून ठेवलं होतं. तिने तेवढ्यात "कल्पिता" म्हटलं. मी आवाज पुन्हा वाढवला. दुसऱ्या कडव्यालाही जमलं.

तिसऱ्या कडव्याला शालूने मध्येच श्वास घेतला. तो मला अगदी जवळून ऐकू आला, आणि बटण राहून गेलं.

"डीजे मयूर, कोलशेत!"

पोरांनी सवयीने शिट्ट्या मारल्या. पाटावर कल्पिताने डोळे मिटून घेतले. शिट्ट्या थांबल्यावर रखमाबाईने तिच्या गालाला हळद लावली आणि उशिराने, एकटीनेच, तिचं नाव घेतलं.