तिरफळ आणि चाळभर चपला

तिरफळ कुत्र्याने कुशाबांच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा चावून खाल्ला, आणि भोईवाड्यातली अख्खी चाळ रुपालीच्या दारात जमली.

"आता बस झालं!" कुशाबा कडाडले. चाळ कमिटीचे अध्यक्ष ते, आवाजही तसाच. "रविवारी माझ्याकडे सत्यनारायण. सगळी चाळ दाराबाहेर चपला काढणार. एक जरी फाटली ना, तर कुत्रा वडाळ्याला, माझ्या भाच्याच्या गोडाउनवर. कबूल?"

चारचौघांत काय बोलणार बिचारी? "कबूल," म्हणाली, आणि दार लावून ढसाढसा रडली. हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून आली की या खोलीत तिची वाट बघणारं दुसरं होतं कोण?

शेजारच्या जाईबाई समजूत घालायला आल्या, तेव्हा रुपाली डोळे पुसत तिरफळचं जेवण मांडत होती. पोळीचे तुकडे, उकडलेलं अंडं, आणि हे सगळं कुठे? तर जुन्या चपलांत दडवून! प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसभर एकटा असतो, कंटाळतो. वाडग्यात आयतं देऊ नका, शोधून खाऊ दे, डोक्याला काम मिळेल. घरात जुन्या चपला पडल्याच होत्या. मग काय, खेळ सुरू!

जाईबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, चपलेत खाऊ घालतंस, आनि मगे रडतंस कित्याक? त्येका वाटता, गावच्या सगळ्या चपलांत जेवणच आसा!"

रुपालीने हातातली चप्पल खाली टाकली. शिकवणारी आपणच, आणि बोल मुक्या जनावराला!

जाईबाईंकडे रोजचा नारळ, करवंट्यांना काय तोटा? चपला माळ्यावर गेल्या आणि लादीवर करवंट्या पालथ्या पडल्या, खाली खाऊ झाकून. पहिली करवंटी गडगडली तशी साहेब पलंगाखाली. पण पोटापुढे भीती किती टिकणार? दोन दिवसांत नाकाने करवंट्या उलथायला लागला. मग रुपालीने मधेच रिकाम्या चपला मांडल्या. हुंगायचा, काही मिळायचं नाही, पुढे जायचा. खाऊन झालं की दमून घोरायचा.

रविवारी कुशाबांच्या दाराबाहेर चपलांचा नुसता खच. रुपाली तिरफळला आत ठेवून कडी घालत होती, तेवढ्यात कुशाबा बाहेर आले. "कडी लावून पास होतेस काय? सोड त्याला!"

आता माघार कशी घेणार? तिने गॅलरीच्या पार टोकाला, चपलांच्या पलीकडे, करवंट्या मांडल्या. दार उघडलं.

तिरफळ आला. चपलांपाशी थबकला. कुशाबांच्या कोऱ्या करकरीत जोडात नाक खुपसलं. आतली सगळी माणसं दारात गोळा झाली. "मेल्या, नको रे," रुपाली पुटपुटली.

तिरफळ सणकून शिंकला, चपलांवरून उडी मारून सुसाट टोकाला गेला आणि नाकाने करवंटी उडवली. खाली अंडं!

"शाब्बास रे पठ्ठ्या!" चाळ दणाणली. जाईबाईंनी चक्क शिट्टी मारली.

"अध्यक्ष, काय म्हणता?" रुपालीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

कुशाबांनी घसा खाकरला. "वडाळा कॅन्सल." मग सोवळ्यातच खाली बसले. "ती करवंटी इकडे दे बघू. आता मी लपवतो. बघतो कसा शोधतो ते."

रुपालीने तिरफळला उचलून छातीशी घट्ट धरलं. "थांबा जरा, अध्यक्ष," ती रडत-हसत म्हणाली, "आधी मला भेटू द्या त्याला."