लिव्हरमधला एकशे बावीस

मी एकशे बावीस बोलतोय. घराणं मायक्रोआरएनएचं, म्हणजे पेशीतल्या चिमुकल्या रेणूंचं. शास्त्रज्ञांनी आम्हाला नावं न देता नंबरच दिले, त्याला मी काय करू? माझं गाव म्हणजे माणसाचं लिव्हर. तिथल्या मायक्रोआरएनएंत शंभरात सत्तर तरी आम्हीच, एकशे बावीस. एवढा गोतावळा की एकटेपणा म्हणजे काय, हे ठाऊकच नसावं.

पेशीत जीन्सचे निरोप सारखे येत असतात. हे प्रोटीन बनव, ते बनव, वाढ, पसर. सगळेच ऐकले तर पेशी बेफाम होईल. म्हणून नको त्या निरोपाला जाऊन चिकटायचं आणि त्याला गप्प करायचं, एवढीच माझी नोकरी.

मी जन्मलो पहूरच्या गफूरभाईंच्या लिव्हरमध्ये. गफूरभाई लग्नाचे आचारी. मी आलो तेव्हा आमचं गाव ओस पडत चाललं होतं. त्याचं कारण मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

अकरा वर्षांपूर्वी ते रक्तदान शिबिरात गेले होते. महिन्याने चिठ्ठी आली, हिपॅटायटिस बी. आचाऱ्याला असला रोग आहे असं कळलं तर त्याच्या हातचं कोण खाणार? त्यांनी चिठ्ठी फाडली. बायकोला, अकबरीला, साधी कावीळ म्हणून सांगितलं आणि कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ आणून डोक्यावर ठेवली. माळ रोज लांबत गेली, गळ्यात आली, छातीवर आली. कावीळ उतरली असं घरात सगळ्यांनी धरलं.

विषाणू मात्र बसून होता. त्याने आमची संख्या घटवली, मग कॅन्सर झाला आणि त्या पेशींनी आम्हाला बनवणंच जवळपास बंद केलं. एका निरोपाला धरावं तर दहा सुटत. आजूबाजूला आपलं कुणी नाही आणि काम तर सगळ्या गावाचं, अशी माझी गत झाली. मला फार एकटं वाटायचं.

धुळ्याच्या दवाखान्यात सुई घालून लिव्हरचा छोटा तुकडा काढला, त्यात मी आलो. त्यांनी तो मेणात बसवला. डॉक्टर हेमांगींनी त्याचे पातळ काप घेऊन आमची मोजणी केली. आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलो होतो. आम्ही इतके कमी म्हणजे रोग आक्रमक आणि लवकर पसरणारा, असं त्यांनी गफूरभाईंना समजावून सांगितलं.

गफूरभाईंनी स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, माझी मिसबाह शिंदखेड्याला दिली आहे. पुढच्या महिन्यात बाळंत होईल. मला हिपॅटायटिस आहे हे अकरा वर्षांपासून माहीत होतं."

मॅडमनी रागावण्यात वेळ घालवला नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, मिसबाहला रोग असला तरी बाळाला जन्मताच लस देऊन वाचवता येतं, फोन आत्ता लावा, असं त्या म्हणाल्या. गफूरभाईंनी फोन हातात घेतला. लेकीला काय तोंड दाखवू, असं पुटपुटले. शेवटी त्यांनी फोन लावला.

मिसबाहच्या रक्तात विषाणू निघाला. मुलगी झाली, तिला जन्मल्या दिवशीच लस मिळाली. गफूरभाईंनी नातीला व्हिडिओवर पाहिलं आणि पंधरा दिवसांत ते गेले.

पुढे अकबरी आपला रिपोर्ट न्यायला आली. तो चांगला होता. तरी ती खुर्चीवरून उठेना.

"त्या काविळीपासून ते वेगळ्या ताटात जेवायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी नकोशी झाले."

एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही, असं मॅडमनी हळू आवाजात सांगितलं.

अकबरीने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे सोबत जेवता आलं असतं."

आता मी ड्रॉवरमध्ये मेणात पडून आहे. निरोप गप्प करणं हे माझं काम आहे, माणसांनी ते करू नये. घरच्यांना सांगायचं काही राहिलं असेल तर आज जेवायला बसण्याआधी सांगा.