टर्बोचं एक मिनिट

मित्रांनो, मी एका डिझेल गाडीचा जुना टर्बो आहे. वलगावला उजैर मिस्त्रींचं गॅरेज आहे, तिथल्या एका फळीवर मी पडून असतो. माझा आकार गोगलगायीच्या शंखासारखा. पंक्चर काढायला आलेली मुलं मला हातात घेतात आणि बोटानं माझं चाक फिरवतात. फिरवा, अजून फिरवा! स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. फक्त मला गोगलगाय म्हणू नका, त्याचा फार राग येतो.

माझं काम तरी ऐका. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला इतकं दाबतो की ती प्रचंड तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. जुनी इंजिनं मिळेल तेवढीच हवा ओढत. मग अर्धवट जळालेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडे आणि चढावर गाडी रडकुंडीला येई. माझ्या पोटात एकाच दांड्यावर दोन चाकं आहेत. इंजिनातून बाहेर जाणारा तापलेला धूर पहिलं चाक फिरवतो. त्याबरोबर दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. वाटेत एका जाळीतून नेऊन ती हवा गार करतात, कारण गार हवा जास्त मावते. हवा भरपूर आणि डिझेल धुक्यासारखं बारीक, मग जळण्यात कसूर कशी राहील? लहान इंजिन मोठ्याची ताकद दाखवतं, डिझेल कमी पितं आणि धूरही कमी सोडतं. तेही वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर! टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

मी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. माझा दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून माझं एकच मागणं असतं. गाडी पळून आली की लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर तिला उभ्या जागी चालू राहू द्या. तेवढ्यात ऑइल मला गार करतं. एकदम बंद केलं, तर ऑइल यायचं थांबतं, मी तापलेलाच फिरत राहतो आणि अंगातलं ऑइल जळून त्याची खपली धरते.

माझे मालक इनायतुल्लाभाई. भाड्याची गाडी चालवायचे. मोझरीला आश्रमात जाणारी माणसं, कौंडण्यपूरच्या जत्रेची गर्दी, लग्नाची वऱ्हाडं. दहा माणसं कोंबली तरी मी गाडी ओढायचो आणि लोक म्हणायचे, "काय पिकअप हाये बाप्पा!" तेव्हा मी शीळ घालून अजून जोरात फिरायचो.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाच्या गावांमधून नको त्या वयाची माणसं कर्जानं खचून जीव देऊ लागली. लग्नापेक्षा मयतीची भाडी वाढली. नातेवाईक गाडीत बसायचे, कुणी बोलायचं नाही. इनायतुल्लाभाई गाडी पिटाळायचे आणि दुखवट्याच्या दारात पोचताच चावी बंद करायचे. मी आत तडफडायचो.

"कितीदा सांगू इनायत? मिनिटभर चालू राहू दे तिले," उजैर मिस्त्री म्हणायचे.

"मले समजत नाही का?" इनायतुल्लाभाई म्हणायचे. "पण बाया रडून राहिल्या अन् मी दारात घुरघुर लावू? लोकं काय म्हणतीन?"

त्यांची चूक अदबीपोटी होती. त्यामुळे मला धड रागावताही येईना. माझी शीळ चिरकी झाली, सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. मिस्त्रींनी बजावलं, "आता हा कवा बी धोका देईन."

कपाशीवर फवारणी चालू होती, तेव्हाची गोष्ट. कौंडण्यपूरच्या अलीकडच्या एका गावात इनायतुल्लाभाई सवारी सोडून वळत होते. तोच देवमन नावाचा मजूर पळत आडवा आला. त्याची बायको पंचफुला फवाऱ्याची विषारी दवाई हातानं कालवता कालवता शेताच्या बांधावर कोसळली होती.

"भाऊ, अमरावतीले ने लवकर! डोये उघडून नाही राहिली!"

तिला मागच्या सीटवर निजवलं. मित्रांनो, मी घाबरलो होतो. हळू जावं तर तिचा जीव जाणार, जोर लावावा तर मी तुटणार आणि मी वाटेतच तुटलो तर तिचाही जीव जाणार. इनायतुल्लाभाईंनी पेडल दाबलं. माझा दांडा डगमगत होता, शीळ किंचाळीसारखी झाली होती. "पंचफुला, बोल ना वं, कायतरी बोल," देवमन पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी स्वतःला एकच सांगत होतो, फीर, थांबू नको, फीर. मोझरी मागं पडली. अमरावती आली, दवाखान्याचं फाटक आलं.

दोघांनी तिला उचललं आणि आत धावले. चावी तशीच राहिली. इंजिन सावकाश चालू होतं आणि ऑइल माझ्या अंगावरून वाहत होतं. कितीतरी दिवसांनी मला कुणी दम घेऊ देत होतं.

"कोनाची गाडी हाये? बंद करा ना, धूर होऊन राहिला!" पहारेकरी ओरडला.

इनायतुल्लाभाई परत आले. चावीवर हात ठेवला आणि थांबले. माझी शीळ उतरत चालली होती, ती त्यांनी ऐकली. त्यांचे डोळे भरले होते.

"थांब राजा," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "डॉक्टर म्हन्ते, बाई वाचन. या गाडीनं पोचवली तिले. घेऊ दे गाडीले मिनिटभर दम."

मिस्त्रींनी मला उघडून साफ केलं आणि मी पुढंही बरीच वर्षं धावलो. दुखवट्याचं घर असलं की इनायतुल्लाभाई आता गाडी वेशीवरच उभी करायचे, मिनिटभर चालू ठेवायचे आणि मग सगळे पायी दारापर्यंत जायचे. त्या मिनिटात गाडीत कुणीतरी गेलेल्या माणसाबद्दल बोलू लागायचं. "परवाच भेटला होता मले. गप गप होता. मी घाईत होतो."

हे वाक्य मी किती वेशींवर ऐकलं म्हणून सांगू! फळीवर पडल्या पडल्या अजूनही ते माझ्या पोटात फिरत राहतं.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी धावून आली की तिला मिनिटभर दम घेऊ द्या. आणि एखादं माणूस गप गप दिसलं, तर कितीही घाई असली तरी त्याच्याजवळ मिनिटभर बसा. मला ते मिनिट मिळालं, म्हणून मी वाचलो.