मी निळी डिस्क गिळली त्याची गोष्ट

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नसू दे. आजवर कुणाचाच बसलेला नाही, म्हणून काही माझं सांगायचं थांबलेलं नाही.

मी एक जुना डिस्क-प्लेअर आहे. सिनेमाचं चित्र आरशासारखं लख्ख दाखवणाऱ्या डिस्क नव्याने निघाल्या, त्या काळातला माझा जन्म. माझी नजर काय सांगू! पडद्यावरच्या नटाची दाढी सकाळी कुठे अर्धवट राहिली, तेसुद्धा दिसायचं. एकदा मी वादळ दाखवलं, तर घरातल्या वहिनींनी धावत जाऊन गॅलरीतले कपडे आत घेतले.

पण डिस्क निघाल्या दोन जातीच्या. लाल पेटीतल्या माझ्या, निळ्या पेटीतल्या दुसऱ्यांच्या. एकीची दुसरीच्या यंत्रात डाळ शिजत नसे. बाजारात दोघींची जुंपली आणि ती लढाई आमच्या घरातही शिरली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दादांनी मला आणलं. तळमजल्यावरच्या त्यांच्या धाकट्या भावाने माझ्या नाकावर टिच्चून निळा आणला.

"किती दिवस टिकतोय तुझा निळा, बघतोच!" दादा जिन्यातून ओरडायचे.

"वर्षभरात तुझ्या लालवर कुंडी ठेवशील!" खालून उत्तर यायचं.

मग एके दिवशी दुकानात लाल डिस्क मातीमोल भावाने विकायला निघाल्या. "बघ, खप वाढला म्हणून भाव उतरवला!" असं सगळ्या गल्लीला ऐकवत दादा दोन पिशव्या भरून डिस्क घेऊन आले. आठवड्याने कळलं, लाल डिस्क काढणंच बंद झालं होतं. दुकानदार फक्त फळ्या रिकाम्या करत होता. धाकटा हसला. हसावं, पण शेजाऱ्यांना बोलावून हसू नये. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. एक जिन्यात दिसला, की दुसरा चपला शोधायचं निमित्त करून आत.

अशात दोघांच्या आईचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ती दादांकडे राहायची, आणि जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती.

"पट्टी सुटली की माझ्या लग्नाआधीचा तो सिनेमा बघणार," ती म्हणाली. "एका बाजूला तू, एका बाजूला तो."

"आई, तो निळ्यातच निघालाय."

"मग?"

"माझ्या घरात निळं यंत्र येणार नाही. सांगून ठेवतो."

"बरं. मग पट्टी राहू दे," आई शांतपणे म्हणाली. "तुम्हा दोघांची तोंडं बघण्यापेक्षा अंधार बरा."

वहिनी हसल्या, पण आई हसली नाही. पट्टी सुटायच्या दिवशी डॉक्टर घरी आले, तर तिने पट्टी सोडू द्यायला चक्क नकार दिला. भिंतीकडे तोंड करून बसली. दादांनी चहा नेला, तसाच परत आला.

आता खरी गंमत ऐका. तो निळा हल्ली माझ्याच शेजारी, कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. सिनेमे फोनवर यायला लागले, तेव्हा जिंकलेला काय आणि हरलेला काय, दोघेही धुळीत. या घडीला तो झोपलेला दिसतोय, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

आईचे हाल मला बघवेनात. धाकट्याने ती निळी डिस्क कधीच आणून ठेवली होती. वहिनींनी ती गुपचूप वर आणली. मी आ वासला आणि गिळली! पोटात असा मुरडा उठला, की घरातले दिवे मंद झाले. पण सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला. आई मधे, दोन बाजूंना दोन मुलगे. म्हणून मित्रांनो, हरलेल्याला भंगारात देऊ नका. अधूनमधून धूळ पुसा, चालू करून बघा. वेळ आली की तोच...

"थापाड्या!" शेजारून निळा ओरडला. "गिळली म्हणे! दादा स्वतः खाली आले होते. दारात उभे राहून म्हणाले, 'हरलो रे बाबा. यंत्र दे, आणि तूही वर चल. आई जेवत नाहीये.' मला छातीशी धरून जिना चढले. तुझी तार काढून मला जोडली, तीही त्यांनीच. खोटं किती बोलशील?"