क्रेसेन्सियाबाईंचा जाड सांधा

डोंगरातल्या तास्को गावात चांदीकाम करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण ज्या घरातून सांधा दिसणारी वस्तू कधी बाहेर पडलीच नाही असं घर एकच, क्रेसेन्सियाबाईंचं. हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी विचारण्याची वाट बघत नसत.

चांदीखालोखाल त्यांचा जीव कशात असेल, तर दारातल्या पांढऱ्या वोचोत. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली ती जुनी गाडी नवऱ्याने जन्मभर टॅक्सी म्हणून चालवली. तो गेल्यावर बाईंनी स्टिअरिंगवर बसायला कुणाची परवानगी घेतली नाही.

पण ऑक्टोबर सरत आला तसं गाडीच्या बुडाखालच्या फरसबंदीवर काळं थारोळं साचू लागलं. चढण लागली की मागून जळक्या तेलाचा वास, आणि समोर काचेखाली तेलाचा लाल दिवा.

"आई, बास झालं आता," फिदेन्सिओ म्हणाला. हा त्यांचा थोरला. "हिला तेल पाजून पाजून आपण भिकेला लागू. भंगारवाल्याला मंगळवारी बोलावलंय मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"तुझ्या बापाने हिच्यातच तुला दवाखान्यातून घरी आणलं. तेव्हा तूही गळतच होतास. तुला नाही दिलं भंगारात."

सून तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून आत पळाली. बाई उठल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "सोमवारी मी हिच्यातून सगळ्यांना घेऊन विस्तेको चढणार. वाटेत थांबली, तर मंगळवारी किल्ली मी माझ्या हाताने देईन. आणि चढली, तर पुन्हा भंगाराचं नाव काढायचं नाही."

मृतांच्या दिवसानंतरच्या सोमवारी अख्खं गाव विस्तेकोच्या डोंगरावर जातं. ओकाच्या वाळक्या पाल्याखालचे हुमिल किडे वेचायचे, मिरची-टोमॅटोबरोबर दगडी खलात चिरडायचे, टॉर्टियात गुंडाळून खायचे. त्या चढणीवर नव्या गाड्यांनाही धाप लागते.

रुतिलिओ मिस्त्री बाईंच्या धाकटीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणत. त्याने इंजिन खाली उतरवलं, पंख्याचं पत्र्याचं आवरण काढलं आणि आतून ऑइल कूलर बाहेर घेतला. तेल थंड करणारा तो पातळ पत्र्याचा डबा कडेच्या सांध्यात उसवला होता.

"नवा मागवतो कोमाद्रे, पण तो सोमवारनंतरच येईल. आणि माझं वेल्डिंग याला लावलं तर सांध्याऐवजी खिडकी पडेल."

"तुझं वेल्डिंग म्हणजे गवंड्याने कानातलं घडवणं. आण इकडे."

बाईंनी कूलर पेट्रोलने धुतला, साबणाच्या पाण्यात उकळला, घासून लख्ख केला. टाकणखार लावला, गॅसची ज्योत धरली, आणि चांदीची झाळ वितळून उसवलेल्या कडेत पाण्यासारखी धावली. मग, हाताला वळणच तसं, कानस घेतली. चढलेली झाळ घासून सपाट केली, पॉलिश केली, शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं. सांधा लागेना! तोंडाने फुंकून पाण्यात बुडवला. एक बुडबुडा नाही.

"नवरीला घालावा असा झालाय," रुतिलिओ म्हणाला. त्याने नव्या रबरी चकत्या घालून तो बसवला.

रविवारी बाई फिदेन्सिओला शेजारी बसवून गाडीतून चर्चमागची चढण चढल्या. वर पोचेपर्यंत वास आला, आणि गाडी थांबताच खाली तेलाचा थेंब, मग दुसरा.

"आई, बांगडी सुरेख झाली होती गं," फिदेन्सिओ म्हणाला.

बाईंनी गाडी तशीच वळवून रुतिलिओच्या दारात नेली.

कूलर पुन्हा बाहेर आला. या वेळी त्यांनी रुतिलिओचा टायरचा पंप लावला. दाब चढला तशी पाण्यात बुडबुड्यांची बारीक माळ उठली, आणि नेमकी तिथून, जिथे त्यांची कानस सगळ्यात जास्त फिरली होती.

"झाळ पक्की होती," त्या म्हणाल्या. "मीच ती सुंदर करायला गेले आणि घासून कागदासारखी केली."

दुसऱ्यांदा त्यांनी झाळ भरभरून ओतली. कडेवर जाड, वेडावाकडा उंचवटा उभा राहिला. हात कानशीकडे शिवशिवले. त्यांनी कानस उचलून रुतिलिओच्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. मागितली तरी देऊ नकोस."

"कोमाद्रे, हे अळीसारखं दिसतंय."

"दिसू दे. अळी पाण्यात धर आणि पंप मार."

पाणी हललंसुद्धा नाही.

सोमवारी बाई स्टिअरिंगवर, शेजारी गुडघे हनुवटीला टेकवून फिदेन्सिओ, मागे सून, नातवंडं आणि दगडी खल. वळणामागून वळण गेलं. फिदेन्सिओ लाल दिव्याकडे बघत होता, बाई रस्त्याकडे. एका चढावर कुणाची तरी नवीकोरी गाडी वाफ सोडत कडेला उभी होती. बाईंनी हॉर्न दिला, गरज नसताना.

वर डोंगरावर जागोजागी चुली पेटल्या होत्या. पोचल्यावर फिदेन्सिओ न सांगता पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा हातातला पांढरा रुमाल पांढराच होता. त्याने खिशातून फोन काढला.

"हॅलो, उद्या येऊ नका. नाही, विकायची नाहीये."

"मोठ्याने बोल," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या चुलीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

तो मोठ्याने बोलला. चुलीपाशी बसलेल्या बायका गोळा झाल्या. काय केलंत, कसं केलंत, विचारू लागल्या.

"कूलर मी झाळला," क्रेसेन्सियाबाई म्हणाल्या. "इतका जाड सांधा या गावात कुणी घातला नसेल. आंधळ्यालाही सापडेल." आणि एक जिवंत हुमिल चिमटीत धरून त्यांनी तोंडात टाकला.